ठमीच्या ताटात काय वाढायचं?

«डॉक्टरताई, आम्ही नारायण पेठेत राहतो. आमची ठमी १३ वर्षांची आहे, गावठी मांजर. वर्षभरात तिचं वजन ४.१ किलोवरून ३.४ वर आलं. पाणी खूप पिते म्हणून रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन ३.३ आणि फॉस्फरस ६.९. डॉक्टर म्हणाले किडनीचा जुना आजार आहे, तिसरा टप्पा, आता फक्त किडनीचं खास खाणं द्या. महागाची पिशवी आणली. तिने वास घेतला आणि पाठ फिरवली. दोन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही. शेवटी सासूबाईंनी दूधभात कालवून दिला, तो थोडा चाटला. शेजारच्या काकू म्हणतात सुकट द्या. माझा भाऊ म्हणतो कलेजी द्या, रक्त वाढेल. यांनी कुठेतरी वाचलं की किडनीला प्रोटीन म्हणजे विष, म्हणून हे म्हणतात नुसता भात द्या. शिवाय बंड्या म्हणून दोन वर्षांचा बोका आहे, त्याचे दाणे ती संधी साधून खाते. श्रावणात आमच्या घरात मांस येत नाही, हे वेगळंच. तिला उपाशी ठेवून चांगलं खायला लावू, की आवडेल ते देऊन आजार वाढवू? रोज तिची बशी उचलताना रडू येतं. — एक वाचक, नारायण पेठ, पुणे»

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. ठमीला उपाशी ठेवायचं नाही. आज ती जे खाईल ते तिच्यापुढे ठेवा. दूधभात खात असेल तर दूधभात, बंड्याचे दाणे खात असेल तर बंड्याचे दाणे. किडनीचं खाणं उत्तमच आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, पण बशीत पडून राहिलेल्या खाण्याचा कुणाला उपयोग नाही.

«भूक लागली की मुकाट खाईल» हे कुत्र्याच्या बाबतीत बऱ्याचदा खरं ठरतं. मांजराच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी सुटून यकृतात साठायला लागते आणि यकृत काम करेनासं होतं. म्हणजे किडनीच्या आजाराला यकृताचा आजार येऊन मिळतो आणि हा दुसरा आजार जास्त वेगाने जीव घेऊ शकतो. म्हणून घरात एक नियम करून टाका: २४ तास पोटात काहीच गेलं नाही तर डॉक्टरांना फोन. नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणं दोन-तीन दिवस चाललं तर फोनवर भागवू नका, तिला घेऊन जा. तुमच्या पत्रावरून ठमी या रेषेवरच उभी आहे. नुसता चाटलेला दूधभात हे जेवण झालं नाही, त्यामुळे उद्याच तिला दाखवून आणा.

तिथे गेल्यावर पहिला प्रश्न «कोणतं खाणं देऊ» हा नको. «ती का खात नाही» हे विचारा. किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणाऱ्या द्रव्यांमुळे मळमळतं. मांजर भुकेलेलं असतं, बशीपाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं, कधी लाळ गळते, आणि तोंड फिरवून निघून जातं. माणसांना वाटतं नखरे चाललेत. तो नखरा नसतो, त्या जिवाला अन्नाचा वास सोसत नसतो. यावर औषधं आहेत. मळमळीसाठी मारोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन आणि भुकेसाठी मिर्टाझपिन ही मांजरांना नेहमी दिली जातात. मात्र डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, कारण किडनी मंद असलेल्या मांजराच्या अंगात औषध जास्त वेळ रेंगाळतं. तोंडातही बघायला सांगा. या आजारात हिरड्यांवर आणि जिभेवर फोड येतात, शिवाय १३ वर्षांच्या मांजराचे दात दुखत असण्याची शक्यता बरीच असते. शी कधी झाली होती तेही सांगा. अंगातलं पाणी कमी झालं की मांजराला शीचा खडा होतो, आणि पोट साफ नसलं की जेवण जात नाही. पोटॅशियम कमी झालं असेल तरी अशक्तपणा येतो आणि भूक मरते. त्यात मांजराची मान खाली झुकलेली दिसते, वर उचलवत नाही. असं काही दिसत असेल तर आवर्जून सांगा.

हे आधी सांगण्यामागे एक कारण आहे. मळमळ चालू असताना पुढे केलेल्या खाण्याशी मांजर ती मळमळ जोडून टाकतं, आणि बरं वाटल्यावरही त्या खाण्याला शिवत नाही. ठमीच्या बाबतीत हेच झालं असावं असं मला वाटतं. म्हणून ती पिशवी घट्ट बंद करून आठवडा-दोन आठवडे नजरेआड ठेवा. मळमळ थांबू दे, ती तिच्या नेहमीच्या खाण्यावर दोन घास नीट जेवू दे. सिरिंजने तिच्या तोंडात ते खाणं कोंबू नका, आणि औषधाची गोळी त्यात लपवू नका.

आता किडनीच्या खाण्यात एवढं काय असतं ते सांगते. त्यात फॉस्फरस कमी असतो, आणि तीच त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. ती थकली की फॉस्फरस रक्तात साठतो. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करायला लागतात, हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, आणि उरलीसुरली किडनी आणखी झिजते. मांजरांच्या किडनीच्या आजाराचे टप्पे इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी, म्हणजे आयरिस, या संस्थेने ठरवले आहेत. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचं रक्तातलं टाकाऊ द्रव्य, २.९ ते ५.० असलं की तिसरा टप्पा, आणि या टप्प्यावर रक्तातला फॉस्फरस ५.० च्या खाली ठेवावा असं ही संस्था सांगते. ठमीचा ६.९ आहे. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं बरोबर आहे. फक्त तिथवर पोचायचा रस्ता एका दिवसाचा नाही.

आणखी एक. टप्पा ठरवायचा तो मांजराच्या अंगात पुरेसं पाणी असताना आणि एकाहून जास्त वेळा तपासून. दोन दिवस न जेवलेल्या, सुकलेल्या मांजराचं क्रिएटिनिन असतं त्यापेक्षा वर दिसू शकतं. तुमचा रिपोर्ट अशाच दिवसांतला असेल तर पुढचा आकडा थोडा बरा येण्याची आशा आहे.

या खाण्याने फरक पडतो का? पडतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या मंडळींनी २००० साली ५० मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किडनीचं खाणं खाणाऱ्या मांजरांपैकी निम्मी निदानानंतर ६३३ दिवसांहून जास्त जगली, न खाणाऱ्यांपैकी निम्मी २६४ दिवसांहून जास्त. हे आकडे वाचताना एक भान हवं. न खाणाऱ्या गटात होती ती ज्यांनी ते खाणं स्वीकारलंच नाही किंवा ज्यांच्या घरच्यांना ते जमलं नाही अशी मांजरं, त्यामुळे दोन्ही गट मुळातच अगदी सारखे नव्हते. तरी पुढच्या अभ्यासांतूनही दिशा तीच दिसली, आणि आज मांजराच्या किडनीसाठी आपल्या हातात असलेल्या उपायांत खाण्याचा उपाय सर्वांत भक्कम मानतात.

तुमच्या यजमानांनी वाचलेलं मात्र अर्धवट आहे, आणि त्यावरून नुसता भात सुरू केलात तर ठमी महिन्या-दोन महिन्यांत हाडांचा सापळा होईल. मांजर हा मांसाहारीच प्राणी. त्याचं शरीर प्रोटीन जाळूनच चालतं, खाण्यातून मिळालं नाही तर स्वतःचे स्नायू जाळतं. ठमीचं वर्षभरात ७०० ग्रॅम वजन गेलं. साठ किलोच्या माणसाचे दहा किलो जावेत तसं हे आहे. त्यात स्नायू किती गेले ते तिच्या पाठीच्या कण्यावरून हात फिरवलात तर कळेल. किडनीच्या तयार खाण्यातही प्रोटीन असतंच, ओलावा सोडून मोजलं तर साधारण २८ ते ३५ टक्के. ते माफक आणि चांगल्या प्रतीचं असतं, शून्य नसतं. शिवाय टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला मांसातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. हृदयाचं हे कोडं १९८७ साली उलगडलं, आणि त्यानंतर तयार खाण्यातलं टॉरिन वाढवण्यात आलं. दूधभातात ते नाही, डाळभातात नाही, पोळीतही नाही.

म्हणून नुसतं उकडलेलं चिकनही कायमचं जेवण होऊ शकत नाही. पाणी फेकून दिलं तर फॉस्फरस थोडा कमी होतो हे खरं, पण टॉरिनही त्याच पाण्यात जातं. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि ते भरून काढायला हाडं घालावीत तर फॉस्फरस प्रचंड वाढतो. घरी शिजवून किडनीच्या मांजराला वाढवता येतं, पण त्यासाठी पशुआहाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून ग्रॅमवारी कृती लिहून घ्यावी लागते, आणि ती रोज वजन करून पाळावी लागते. अंदाजपंचे करायचं ते काम नाही.

आता घरादाराने सुचवलेल्या पदार्थांकडे वळू. यात सासूबाईंना पूर्ण नाउमेद करावं असं मला वाटत नाही. दुधात १०० मिलीला सुमारे ९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. वाटीभर दूध रोज दिलं तर तो हिशोब जड जातो, आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडून अंगातलं पाणी आणखी जातं. पण किडनीच्या खाण्यावर वरून चमचाभर दूध शिंपडलं तर जाणारा फॉस्फरस जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम. तेवढ्याने ती चार घास जास्त जेवणार असेल तर खुशाल शिंपडा. तुपात फॉस्फरस जवळजवळ नसतोच, आणि अर्धा चमचा तुपातून वीसेक कॅलरी मिळतात. सासूबाईंच्या हातचं साजूक तूप ठमीच्या खाण्यावर सोडायला माझी हरकत नाही, शी पातळ झाली तर मात्र बंद करायचं. ते काम त्यांच्याकडेच सोपवा. १३ वर्षं त्यांनी तिला दूधभात कालवला असेल, तर ठमीला त्यांच्या हाताचा वास ओळखीचा आहे, आणि आजारी मांजराला जेवायला बसवताना त्या ओळखीचा फार उपयोग होतो.

कलेजी नको. कोंबडीच्या कलेजीत १०० ग्रॅमला सुमारे ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, साध्या मांसात सुमारे २००. वर त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज खाल्ल्याने मांजराच्या मणक्यांची हाडं वाढून जखडतात. किडनीच्या आजारात रक्त कमी होतं हे तुमच्या भावाचं बरोबर आहे, पण ते मुख्यतः किडनीत तयार होणारं एक संप्रेरक कमी पडल्यामुळे होतं, कलेजीने भरून निघत नाही. चिकन सेंटरवरून मांजरांसाठी म्हणून माना, पंजे आणि कलेजी-पेठा स्वस्तात आणायची आपल्याकडे पद्धत आहे. बंड्यासाठी आणत असाल तरी ठमीच्या तोंडी ते लागू देऊ नका.

काकूंची सुकट वाटीने वाढायची चीज नाही. सुकी मासळी म्हणजे फॉस्फरसचा साठा, आणि खारवलेली असेल तर मीठही. पण बिनमिठाची सुकट कोरडी भाजून, पूड करून, चिमूटभर जेवणावर भुरभुरली तर वासाने मांजर उठून येतं. दुधासारखंच, वरून चिमूटभर एवढ्यापुरतंच.

अंड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण ते फार उपयोगी आहे. पिवळ्या बलकात १०० ग्रॅमला जवळपास ३९० मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि पांढऱ्यात फक्त १५ च्या आसपास. प्रोटीन मात्र पांढऱ्यात उत्तम. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग बारीक किसून चमचाभर खाण्यात मिसळा. कच्चा देऊ नका.

कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या पेशी फोडतात, त्यामुळे रश्शाचं मांस धुऊन देणं किंवा तयार सूपची वडी घालणं अजिबात नको. किडनीला चांगलं म्हणून शहाळ्याचं पाणी, गोखरू, पुनर्नवा सुचवणारे लोक भेटतील. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ठमीचं पोटॅशियम किती आहे ते तुमच्या पत्रात नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही देऊ नका. आणि अंग दुखत असेल म्हणून घरातली गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. डायक्लोफेनॅकने आपल्या देशातल्या गिधाडांच्या किडन्या निकामी केल्या, २००६ साली जनावरांसाठीचा त्याचा वापर बंद करावा लागला. किडनी आधीच अधू असलेल्या मांजराला अशी गोळी काय करेल याची कल्पना करा.

मळमळ थांबली, ठमी तिचं जुनं खाणं नीट खायला लागली, की मग बदल सुरू करायचा. एकच कंपनी आणि एकच प्रकार धरून बसू नका. हिल्सचं के/डी, रॉयल कॅनिनचं रीनल, फार्मिनाचं व्हेट लाइफ रीनल अशी खाणी आपल्याकडे मिळतात, आणि दाणे, मऊ वाटण, रश्श्यातले तुकडे अशी त्यांची रूपंही वेगवेगळी असतात. एकाला नाक मुरडणारं मांजर दुसऱ्यावर तुटून पडतं. मोठी पिशवी आणण्याआधी डॉक्टरांकडे नमुना मागा, किंवा एकेक पाऊच घ्या. पहिल्या आठवड्यात जुन्या खाण्याशेजारी वेगळ्या बशीत नवं चमचाभर ठेवायचं, नुसतं तिथे असू द्यायचं. खाल्लं तर उत्तम, नाही खाल्लं तर काही न बोलता उचलायचं. मग जुन्यात दहावा हिस्सा मिसळायचा. तीन-चार दिवस ते सहज गेलं की थोडं वाढवायचं, आणि कधी अडली तर एक पायरी मागे यायचं. याला चार-सहा आठवडे लागतात, काही मांजरांना त्याहूनही जास्त.

वासाकडे लक्ष द्या. फ्रीजमधलं गार खाणं मांजराला वासच देत नाही. पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं ठेवून अंगाच्या उबेइतकं करा, ढवळून बोट लावून बघा, मग वाढा. पसरट बशी घ्या. दिवसातून दोनदा भरपूर वाढण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं. ओलं खाणं तासाभराने उचलून टाका, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही लवकर.

समजा सगळं करून ती निम्म्यावरच अडली, निम्मं किडनीचं आणि निम्मं जुनं, तर तिथे थांबा आणि त्याला अपयश समजू नका. अशा वेळी फॉस्फरस बांधणारी औषधं असतात: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, लँथनम कार्बोनेट वगैरे. ती पोटातच अन्नातला फॉस्फरस धरून शीवाटे बाहेर नेतात, म्हणून जेवणात मिसळूनच द्यावी लागतात, रिकाम्या पोटी त्यांचा काही उपयोग नाही. कोणतं आणि किती ते रक्ताचा आकडा बघून डॉक्टर ठरवतील.

किती खायला हवं याचा अंदाज असू द्या. ठमीच्या वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण १८० ते २०० कॅलरी लागतात. दाण्यांत ग्रॅमला चारच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ४५ ते ५० ग्रॅम दाणे. पाऊचच्या कॅलरी पाकिटावर बघा, कंपनीगणिक फरक असतो. सगळं ओलं खाणं परवडलं तर सर्वांत चांगलं, कारण त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं आणि दाण्यांत जेमतेम १० टक्के. परवडणार नसेल तर ओशाळं होऊ नका. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा ओलं आणि बाकी दाणे, त्यातले काही कोमट पाण्यात भिजवलेले, असंही चांगलं चालतं.

पाणी कधीही तोडायचं नाही. ती खूप पिते कारण तिची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, आलेलं पाणी निघून जातं. काही घरांत सारखी शू होते म्हणून पाण्याचं भांडं उचलतात, ते फार घातक आहे. घरात तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा, शी-शूच्या ट्रेपासून आणि जेवणाच्या बशीपासून लांब. उन्हाळ्यात मातीच्या परळात ठेवलंत तर गार राहतं. पुढेमागे डॉक्टर कातडीखाली सलाइन द्यायला सांगतील. ते घरी देता येतं, एकदा समोर बसून शिकून घ्या. सुई बघून पहिल्यांदा हात कापतात, पण बहुतेकांना जमतं. किती मिली आणि किती दिवसांनी, ते मात्र डॉक्टरच सांगतील.

बंड्याचं काय करायचं? दोघांच्या जेवणाच्या वेळा ठरवा आणि वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, अर्धा तास. बंड्याच्या बशीत दिवसभर दाणे ठेवणं बंद करावं लागेल. बंड्याने कधी ठमीचं उरलेलं चाटलं तर त्याचं काही बिघडत नाही, तो मोठा बोका आहे. ठमीने रोज त्याचे दाणे खाल्ले तर तुमची सगळी मेहनत वाया जाईल. बंड्याला अजूनही पिल्लांचं खाणं देत असाल तर तेही बदला, त्यात फॉस्फरस मोठ्यांच्या खाण्याहून जास्त असतो.

श्रावणाबद्दल तुम्ही संकोचून लिहिलंय, पण हा खरा प्रश्न आहे आणि पुण्यात मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. महिनाभर मांजराला शाकाहारावर ठेवणं शक्य नाही, ठमीला तर नाहीच. पण घरात मांस शिजवायचीही गरज नाही. ओट्यापासून लांब, बाल्कनीत किंवा मोरीपाशी एक झाकणाचा डबा, तिची वेगळी बशी, वेगळा चमचा, आणि बंद पाऊच. दाण्यांना फ्रीज लागतच नाही. उघडलेलं पाऊच फ्रीजमध्ये नको असेल तर त्या महिन्यात ओल्याऐवजी भिजवलेले दाणे द्या. सासूबाईंशी तुम्ही स्वतः बोला, आणि ठमी आजारी आहे, हे तिचं पथ्य आहे असं सांगा. आजाऱ्याचं पथ्य त्यांच्या पिढीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

श्रावण संपला की गणपती. तुम्ही नारायण पेठेत, म्हणजे लक्ष्मी रस्त्याच्या ढोल-ताशाचा आवाज थेट घरात. घाबरलेलं मांजर पलंगाखाली शिरतं आणि दिवस-दिवस जेवत नाही, पाणीही पीत नाही. निरोगी बंड्याला ते सोसेल, ठमीला नाही. विसर्जनाच्या दिवसासाठी रस्त्यापासून सर्वांत आतली खोली तिच्यासाठी तयार ठेवा: खिडक्या बंद, तिची बशी, पाणी, ट्रे आणि ओळखीची गोधडी. कोथरूड किंवा सिंहगड रस्त्याला नातेवाईक असतील तरी तिला तिकडे हलवण्यापेक्षा घरच बरं, नवी जागा हा तिच्यासाठी वेगळा त्रास. भुकेचं आणि मळमळीचं औषध आधीच आणून ठेवा, त्या दिवशी पेठेतून गाडी काढता येणार नाही.

स्वयंपाकघरातल्या पाच किलोच्या काट्यावर हलकी टोपली ठेवून दर आठवड्याला एकाच वाराला तिचं वजन करा, आणि वहीत वजन, खाणं, उलटी, शी एवढंच लिहा. बदललेलं खाणं सुरू होऊन चार-सहा आठवडे झाले की रक्त पुन्हा तपासा, उपाशीपोटी. त्या वेळी फॉस्फरस आणि क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, थायरॉइड आणि रक्तदाब हे चार मागून घ्या. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही. रक्तदाब तर उद्याच बघता आला तर बघा. किडनीच्या मांजरांमध्ये तो पुष्कळदा वाढलेला असतो आणि डोळ्याचा पडदा सुटून एका रात्रीत आंधळेपण येऊ शकतं. वेळेत कळला तर ॲम्लोडिपिनच्या गोळीने आटोक्यात येतो.

तिसऱ्या टप्प्यातली, नीट जेवणारी मांजरं दोन-दोन वर्षं आणि कधी त्याहूनही जास्त चांगली जगलेली मी पाहिली आहेत. ठमीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल आकडा सांगत नाही. उद्या तिला दाखवून आल्यावर मळमळीवर काय दिलं आणि तिने किती खाल्लं ते कळवा. ती जेवायला लागली असेल तर कोणत्या खाण्यापासून सुरुवात करायची ते मग ठरवू.